मागाच्या शेडातलं धुकं

"शेवटचा माग उचलला की मी पण जाणार," मी म्हटलं.

यांनी मान वळवली नाही. भंगारवाल्याची माणसं आमचा पहिला माग टेम्पोत चढवत होती आणि हे दारात उभे राहून बघत होते. म्हणून मी यांच्या आणि टेम्पोच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आवाज न काढता, नुसतं ओठांनी. आमच्या घरात आवाजाला तशी किंमत नव्हतीच. सहा मागांच्या खडखडाटात एकतीस वर्षं आम्ही ओठांवरच बोललो होतो. हे मागांपाशी, मी पलीकडे भिंतीशी सुताच्या कांड्या भरत बसलेली. चहा झालाय, सूत संपलं, पोरगी रडतीय, सगळं ओठांवर. त्यात यांचे कान कधी गेले ते दोघांनाही कळलं नाही.

"कुठं?" यांनी विचारलं.

"गगनबावड्याला. जनूकडं."

"किती दिस?"

"कायमची."

टेम्पो सुरू झाला. यांनी माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून घेतलं आणि मग पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी आणखी काही बोलते का, याची वाट बघत होते.

ही इचलकरंजीतली पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मला एक्कावन्न सरलं होतं. मुलगी लग्न होऊन निपाणीला सुखात होती. आमच्या गल्लीतले माग एकेक करून बंद पडत होते, तसे आमचेही पडले. भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडायलासुद्धा एकमेकांचं ऐकू यावं लागतं. हे चांगले होते, निर्व्यसनी होते, गावातले नावाजलेले जॉबर होते. कुणाचाही माग अडला की विरूपाक्ष म्हेत्र्यांना बोलावणं यायचं. पण माग थांबले आणि घरात पहिल्यांदा शांतता झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाशी बोलायला माझ्याकडे 'चहा झालाय'च्या पुढे काही नाही. त्या शांततेत मला नुसतं माहेर दिसायचं. माझे वडील जंगल खात्यात रखवालदार होते, त्यांनी घाटाच्या तोंडावरच घर बांधलं होतं. पावसाळ्याचे चार महिने त्या घरात धुकं खिडकीतून आत यायचं आणि आई त्याला पाहुण्यासारखं, "या, बसा," म्हणायची. आता तिथं माझा धाकटा भाऊ जनू एकटाच राहत होता. त्याची बायको दोन वर्षांमागं गेली होती. "आक्का, तू ये. दोन खोल्या रिकाम्या हाईत," असं तो प्रत्येक फोनला म्हणायचा.

आमच्या अंगणात खुंटीला एक वाळकी फांदी टांगलेली होती. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा वादळात पडलेल्या जांभळीची ती फांदी मी उचलून आणली होती, कारण तिच्यावर सीतेची वेणी होती. ही वनस्पती मातीत उतरत नाही, झाडाच्या फांदीला मुळांनी धरून राहते. ज्येष्ठात तिला गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा लांब घोस लटकतो, अगदी केसात माळायच्या वेणीएवढा. याआधी दोनदा मी ती आणली होती आणि दोन्ही वेळा शिमग्याच्या आत तिचा पाचोळा झाला होता.

यांनी अंगठ्यानं त्या फांदीकडे दाखवलं.

"ह्येला हितं फूल आलं तर?"

मला हसू आलं. "आलं तर ऱ्हाते की."

"कवापतूर?"

"बेंदरापतूर. कर्नाटकी बेंदराला जनू न्यायला येनार हाय."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, ज्येष्ठाच्या पुनवेला येतो. यांनी मान हलवली, कापडाची ऑर्डर घेताना हलवायचे तशी, आणि आत जाऊन मागाच्या रिकाम्या जागेवर झाडू मारला.

आठवड्यानं मी शेडात डोकावले तर त्या रिकाम्या जागेवर आभाळ होतं. यांनी वरचे दोन पत्रे काढून तिथं आरपार दिसणारे फायबरचे पत्रे बसवले होते. खाली जमिनीवर उजेडाचा चौकोन पडला होता आणि त्याच्या मधोमध स्टुलावर माझी फांदी. बाकीचे पाच माग भोवती अंधारात उभे होते. एवढ्या वर्षांत त्या जमिनीवर ऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढे तसंच होत गेलं. एक माग गेला की त्याच्या जागेपुरता पत्रा जायचा आणि तेवढा उजेड आत यायचा. कुठली तरी जुनी शाळा पाडत होते, तिथून यांनी काचेच्या आठ खिडक्या हातगाडीवर आणल्या आणि दक्षिणेची भिंत फोडून ओळीनं बसवल्या. भिंतींना गोणपाटं टांगली, ती सकाळ-दुपार भिजवायची. मग औषध फवारायचा पाठीवरचा पंप आला. मग प्लास्टिकच्या नळीला सुईनं भोकं पाडून ती आढ्याखालून फिरवली. तोटी सोडली की वरून पाणी पडायचं नाही, नुसते बारीक तुषार उतरायचे. लाकडी धोटे होते पन्नासेक, पोटात कांडी बसते ते. ते भंगारवाल्याला दिले नाहीत. त्यांच्या पोकळीत शेवाळ भरून, जुन्या विहिरीच्या कडेचे नेचे आणून लावले आणि सगळे धोटे सुतानं आढ्याला टांगले.

दमटपणा मोजायला यांच्याकडे यंत्र नव्हतं. चाळीस नंबरचं एकेरी सूत आढ्यापासून खाली सोडलं होतं आणि त्याच्या टोकाला एक नट बांधला होता. हे येता-जाता त्या सुताला हलकेच झटका द्यायचे. हवा कोरडी असली की सूत तुटायचं. दमट असली की टिकायचं. आयुष्यभर यांनी तेच केलं होतं, शेडाची हवा दमट ठेवायची, म्हणजे सूत तुटत नाही. आता कापड नव्हतं, पण सवय तीच.

गल्लीत चेष्टा सुरू झाली. समोरचे रावसाहेब एकदा दारातूनच मला म्हणाले, "वहिनी, अण्णांनी शेडात ढग पाळलाय म्हनं. दूध किती देतोय?"

"अजून कालवड हाय," मी म्हटलं.

पण खरं सांगायचं तर मला त्या शेडाचा नाद लागला होता. दुपारचं जेवण झालं की माझे पाय तिकडे वळायचे. बाहेर शिमगा संपून ऊन कडकडायला लागलेलं, आणि आत पाऊल टाकलं की हिरवट, गार, दुधाळ उजेड. काचांना यांनी चुन्याचा पातळ हात दिला होता, त्यामुळे ऊन आत येताना मऊ होऊन यायचं. तुषार सोडले की चार हातांवरचं दिसेनासं व्हायचं. नेच्यांच्या टोकांवरून थेंब सुटून खालच्या बादलीत पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. कुठून कोण जाणे एक बेडूक येऊन राहिला होता. मी जुन्या कांड्यांच्या खोक्यावर बसायचे आणि डोळे मिटायचे. आईची हाक ऐकू येईल असं वाटायचं. कधी कधी डोळे उघडल्यावर हे समोर असायचे, धुक्यात अर्धेच दिसणारे, पाठीवर पंप. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. मी नेच्यांचं वाळलेलं पान खुडायचे, हे सुताला झटका द्यायचे. असे कितीतरी दिवस गेले आणि त्या दिवसांत मी जनूला एकदाही फोन केला नाही.

चैत्रात चौथा माग गेला. त्याच सुमारास सीतेच्या वेणीची खालची दोन पानं पिवळी पडली आणि बुडाशी मऊ झाली. मुळं तपकिरी झाली. हे रोज चष्मा लावून ती फांदी फिरवून फिरवून बघायचे, मग जाऊन आणखी गोणपाटं भिजवायचे. खिडक्यांच्या फटींतून दमटपणा जातोय असं यांना वाटलं, म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक चौकटीला तिची पट्टी लावली आणि नट-बोल्ट आवळून आठही खिडक्या पक्क्या केल्या. शेडात वारा शिरू द्यायचा नाही, हा विणकराचा पहिला धडा. वारा शिरला की ताणा, म्हणजे उभं सूत, सुकतो, आणि ताणा सुकला की दिवसभर गाठीच मारत बसावं लागतं.

एका दुपारी फांदी हातात घेऊन हे माझ्यासमोर येऊन बसले.

"तू लहानपनापास्नं बघितलीयास. ह्येला काय कमी पडतंय?"

मी फांदीकडे बघितलं. बुडाशी कुजल्याचा वास होता.

"मला काय ठाऊक," मी म्हटलं.

मला ठाऊक होतं. आमच्या परड्यातली जांभूळ घाटाच्या अगदी कडेला होती. खालून कोकणातला वारा चढून यायचा तेव्हा तिच्या फांद्या दिवसरात्र झुलायच्या, आणि फांद्यांवरच्या वेण्याही. "हिला पाण्यापेक्षा वारं जास्त लागतंय," असं आई म्हणायची. वेणी भिजायला हवी आणि लगेच सुकायलाही हवी. बंद शेडात ती कुजणार, हे यांनी खिडक्या आवळल्या त्या दिवशीच मला कळलं होतं. आणि मी गप्प बसले होते. ती मेली की माझी वाट मोकळी होती. शब्द माझा होता, पण त्यातून माझी सुटका यांच्याच हातून व्हायला हवी होती. एवढा हिशेबी विचार मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही. हे मी यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"म्हंजे पानीच कमी पडतंय," हे स्वतःशीच म्हणाले आणि उठून तोटी सोडायला गेले.

वैशाखात एक दिवस मी कांड्यांचं खोकं आणायला शेडाकडे गेले. काचेवरचा चुना एका जागी ओघळून गेला होता, तिथून आतलं दिसत होतं. हे स्टुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि यांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, चौडेश्वरी देवीचं काही म्हणतायत. मग मी ते ओठ वाचले. एकतीस वर्षांची सवय, न वाचायचं ठरवलं तरी वाचले गेले असते.

"जा," हे म्हणत होते. "माजं काय न्हाई. सनासुदीला येत जा."

थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून. "जा. माजं काय न्हाई." इथं चेहरा बिघडला. बाहीनं तोंड पुसलं, खाकरले, ताठ बसले आणि पुन्हा सुरुवात केली. "जा. माजं काय न्हाई. सनासुदीला येत जा." मग मान जरा वळवून, कुणा उभ्या माणसाकडे बघितल्यासारखं करून, "जनू, हिला गुडघ्याचा तरास हाय. जिना चढू दिऊ नगंस."

माग बिघडला की हे नेहमी असंच करायचे. एकच भाग पुन:पुन्हा फिरवून बघायचे, अडायचा थांबेपर्यंत. बेंदराच्या दिवशी जनूसमोर अडू नये म्हणून हे आत्तापासून सराव करत होते.

मला माझी लाज वाटली. काचेच्या बाहेर उभी राहून मी रडले, अगदी तोंडात पदर कोंबून, जणू यांना ऐकूच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी पाचवा माग गेला आणि हे त्याच्याबरोबर भंगारच्या वखारीपर्यंत गेले. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तशी मी कपाटातून बारा नंबरचा पाना घेतला आणि शेडात शिरले. आठ खिडक्या, प्रत्येकीला चार नट. यांनी आवळलेला नट म्हणजे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. तळहात सोलून निघाले. सात खिडक्या उघडल्या. आठवीचा एक नट काही केल्या हलेना, तेव्हा मी एक धोटा उचलला आणि काच फोडली.

वारा आत आला. खूप मोठा नव्हता, वैशाखातला दुपारचा साधा वारा, पण पन्नास धोटे एकदम झुलायला लागले. धुकं हललं, फाटलं आणि उलट्या बाजूच्या दारातून बाहेर पडलं. सूत तुटलं आणि नट टणकन जमिनीवर पडला.

हे आले तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. हे शेडात गेले, बराच वेळ आत राहिले, मग दारात येऊन उभे राहिले.

"खिडक्या कुनी उघडल्या?"

"वाऱ्यानं," मी ओठांनी सांगितलं.

यांनी माझ्या सोललेल्या तळहातांकडे बघितलं. "वारं पाना घिऊन आलं हुतं व्हय?"

मी भांडी घासत राहिले.

"सूत तुटतंय की," हे म्हणाले.

"तुटू द्या."

यांनी खिडक्या पुन्हा लावल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी कुजलेली मुळं ब्लेडनं काढून फांदी स्टुलावरून उचलली आणि दोन खिडक्यांच्या मध्ये, सगळ्यात जास्त वारा लागेल अशी, आढ्याला टांगली. मी न सांगता. यांना यंत्राची खोड कळायला एवढंच पुरायचं. कुज थांबली. पण ज्येष्ठ लागला होता आणि फुलाचं नावसुद्धा नव्हतं.

बेंदराच्या दोन दिवस आधी शेवटचा माग गेला.

बेंदरादिवशी गल्लीतून रंगवलेल्या शिंगांचे बैल वाजतगाजत चालले होते आणि त्यांच्या मागून जनूची जीप आली. माझी ट्रंक सोप्यात भरून ठेवलेली होती. ती मी भरली नव्हती. माझी लुगडी, देव, गुडघ्याचं तेल, सगळं यांनी पहाटे उठून घड्या घालून भरलं होतं. हे धुतलेला शर्ट घालून शेडाच्या दारात उभे होते. जनू शेड बघायला म्हणून आत शिरला आणि तिथंच थांबला.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "हितं दाजींनी आपलं परडं आनून ठेवलंय की गं."

हे पुढं आले. घसा साफ केला. कान गेल्यापासून यांचा आवाज कधी फार मोठा, कधी फार बारीक लागायचा. त्या दिवशी बरोबर लागला.

"जा," हे म्हणाले. "माजं काय न्हाई. सनासुदीला येत जा."

कुठंही अडले नाहीत. मग जनूकडे वळले आणि गुडघ्याचं सांगितलं. जनूनं मान डोलावली आणि ट्रंकेची कडी धरली.

"थांबा," मी म्हटलं. मी यांचा हात धरला. माणसांसमोर मी यांचा हात धरल्याचं मला दुसरं आठवत नाही. धरून टांगलेल्या फांदीपाशी नेलं. दोन पानांच्या बेचक्यातून बोटाच्या पेराएवढं काहीतरी बाहेर आलं होतं, गुळगुळीत, पोपटी. चार दिवसांपूर्वी मीच ते पहिल्यांदा बघितलं होतं.

"ह्ये बघा. फुलाचा दांडा फुटलाय."

यांनी चष्मा वर केला, खाली केला. "आज बेंदूर झाला की."

"दांडा बेंदराच्या आत आलाय. ठरल्यात बसतंय."

हे जनूकडे वळले. "व्हय रं जनू? ह्यो दांडाच?"

जनू त्याच जांभळीखाली वाढलेला. सीतेच्या वेणीचा दांडा कसा असतो आणि मूळ कसं असतं, ते त्याला डोळे झाकून हात लावूनही सांगता आलं असतं. दांड्याला बारीक खवले असतात. हे मूळ होतं, नवं, निरोगी मूळ, दुसरं काही नाही. जनूनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे पाठ करून उभी होते, म्हणजे माझं तोंड यांना दिसणार नाही.

"व्हय दाजी," जनू म्हणाला. "दांडाच हाय. झकास आलाय."

आणि ट्रंक उचलून परत आतल्या खोलीत ठेवून आला. पुरणपोळी खाऊन तो एकटाच परत गेला.

तो सगळा पावसाळा हे त्या दांड्याला पंपानं पाणी मारत होते. तो वीतभर वाढला, पांढरट झाला, खाली वळला आणि फांदीच्या सालीला गच्च चिकटून बसला. हे रोज बघायचे, काही बोलायचे नाहीत. मीही बोलत नव्हते. श्रावणात एका सकाळी बाहेर भुरभुर पडत होती, उघड्या खिडक्यांतून खरंखुरं धुरकट आभाळ आत येत होतं आणि मी चहा घेऊन शेडात गेले.

"फूल लईच चिकट निघालं," हे म्हणाले.

मी कप यांच्यापुढे धरला आणि यांच्या नजरेसमोर उभी राहिले.

"तुमी कवा वळखलं?" मी विचारलं.

"त्याच दिशी. खोटं बोलताना जनूला घाम फुटला हुता."

"मग तवाच बोलला का न्हाई?"

यांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"बोललो असतो तर तू गेली असतीस," हे म्हणाले, आणि बाजूला सरकून खोक्यावर मला जागा केली.